तात्यांच्या गारगोट्या

उल्हास नदीला इंग्रजी येत नाही, हे वाक्य तात्यांचं म्हणून सगळ्या घाटात माहीत होतं. खरं तर ते कर्जतच्या एका स्टेशनमास्तरचं. मास्तर वैतागून बोलून गेले, तात्यांनी ते उचललं आणि जन्मभर वापरलं.

झालं असं. रेल्वेत मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला अप म्हणतात आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला डाऊन. आता कर्जतहून पुण्याकडे निघालेली गाडी मागं ढकलायला जादा इंजिन घेऊन, धापा टाकत घाट चढते. ती डाऊन. आणि खंडाळ्याहून ब्रेक करकरवत उतरते ती अप. अप म्हणजे वर, एवढं इंग्रजी तात्यांना कुणीतरी शिकवलं होतं. तेवढंच. पण तेवढ्यावर त्यांनी मास्तरांना हैराण केलं.

"मास्तर, खाली येनाऱ्या गाडीला वर कसं काय म्हंता?"

"मुंबई मोठी, तात्या. मोठ्याकडे जायचं म्हणजे वरच जायचं."

"मंग ही उल्हास? ती बी इथनंच निघून तिकडंच जाती. ती का वर वाहत नाय?"

"तिला इंग्रजी येत नाही म्हणून!"

तात्या खूश झाले. परत येताना मला म्हणाले, "एक मानूस तरी खरं बोलला."

मला लिहायची सवय नाही. दोन यत्ता शिकलो, बाकीची अक्षरं स्टेशनच्या पाट्या वाचून पक्की केली. पण बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, आणि तात्यांबद्दल मी एकदा चार लोकांसमोर जे बोललो ते चूक होतं. ते परत घ्यायचं राहिलंय. तोंडानं बोललेलं परत घेता येत नाही, म्हणून लिहितो.

तात्या सांधेवाले. मी त्यांच्या हाताखाली दुसरा गडी. ते पन्नाशीचे, मी पंचविशीचा, नुकतं लग्न झालेला. आमची जागा घाटात, पळसदरीच्या वर. तिथं मुख्य लाईन सोडून एक फाटा डोंगरावर चढतो आणि पुढं मातीच्या ढिगात संपतो. उतारावर एखादी गाडी बेफाम झाली तर तिनं त्या फाट्यावर चढावं आणि दम संपून थांबावं, म्हणून तो केलेला. तिथला सांधा, म्हणजे रूळ जिथं बदलतात ती जागा, कायम फाट्याकडेच लावलेली असायची. वरून गाडी आली की ड्रायव्हरनं खुणेच्या खांबापाशी चाल अगदी कमी करायची आणि दोन लांब शिट्ट्या द्यायच्या. 'गाडी माझ्या हातात आहे' असं सांगायची ती रीत. मग सांधेवाल्यानं दांडा ओढून रूळ मुख्य लाईनीला जोडायचा, निशाण दाखवायचं. गाडी खाली कर्जतला.

तात्या म्हणायचे, "सगळ्या घाटात खरा अप एकच. ह्यो आपला फाटा. ह्यो खरंच वर जातो. आन त्येच्यावर गाडी चढलेली कुनालाच नको असती."

घाटाचं काम चाललं होतं तेव्हा तात्या सुरुंगवाल्यांच्या टोळीत होते. डावा कान तिथंच बहिरा झाला. त्यामुळे त्यांचा उजवा कान कायम खंडाळ्याकडे. भाकरी खाताना, झोपताना, कर्जतच्या बाजारात मिरच्या घेताना, देवळात उभं राहतानासुद्धा. देवाला तिरपं उभं राहून नमस्कार करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पुजाऱ्यानं एकदा विचारलं तर म्हणाले, "देव समोर हाय, पन गाडी मागनं येती."

गाडीचा आवाज आला की तोंडातला तंबाखूचा बार थुंकायचे, हात धुवायचे, मगच दांड्यापाशी. दांड्याला रोज खोबरेल. मला पहिलं वर्षभर दांड्याला हात लावू दिला नाही. आणि शिट्टी ऐकून लगेच ओढायचे नाहीत. शिट्टीवर त्यांचा भरवसाच नव्हता.

"शिट्टी तोंडाची असती रं. तोंड काय बी बोलतं. चाक बघ. इंजिनाच्या चाकाचे आरे येगळे येगळे मोजता आले, तर गाडी हातात हाय. चाक सपाट ताटावानी दिसलं, तर ड्रायव्हर देव असला तरी सांधा फिरवायचा नाय."

हे साहेबाच्या पुस्तकात नव्हतं. हे तात्यांचं स्वतःचं.

आता गारगोट्या.

अपचा अर्थ वर असं धरून तात्या बसले होते, तेवढ्यात एक साहेब घाट तपासायला आला. आमच्या झोपडीबाहेर त्याचा खानसामा झोपला होता. साहेबानं त्याला बुटानं हलवलं आणि म्हणाला, "गेट अप." खानसामा उठला. तात्यांना पटलं. माणूस आडवा होता, उभा झाला, वर आला. मग साहेबाला डबे भरायचे होते, तो म्हणाला, "पॅक अप." इथं तात्या अडले. सामान तर खालीच होतं, वर काय गेलं? खानसामा बडबडायला लागला तेव्हा साहेब ओरडला, "शट अप!" त्या दिवशी तात्या जेवले नाहीत नीट. मधेच घास हातात धरून बसले आणि तोंड उघडायचे, मिटायचे, उघडायचे, मिटायचे. मला वाटलं दात दुखतोय.

"बरोबर हाय त्येचं," म्हणाले. "तोंड मिटताना वरचा जबडा जागचा हालत नाय. खालचाच वर येतो. बघ, तू बी मीट."

मी मिटलं. खरंच होतं.

त्या दिवसापासून झोपडीच्या भिंतीशी असलेल्या मातीच्या ओट्यावर गारगोट्या मांडायला लागले. ओढ्यातल्या पांढऱ्या, बोराएवढ्या. एक नवा अप कळला की एक गारगोटी. उठायचा एक, गप बसायचा एक, मुंबईकडच्या गाडीचा एक. ड्रायव्हर लोक सांगायचे, "स्टीम अप", म्हणजे वाफ वाढवली. झाली एक. टाकी काठोकाठ भरायची तर "फिल अप". झाली एक. शिपायांची गाडी थांबली होती, त्यांना रांगेत उभं करताना जमादार ओरडला ते एक. कुणीही नवा अप आणला तर त्याला तात्या ओंजळभर करवंदं द्यायचे, करवंदं नसली तर मूठभर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. घाटातले ड्रायव्हर, गार्ड, फायरमन थट्टा म्हणून यायचे. एक फायरमन खोटाच अप करून घेऊन आला. तात्यांनी करवंदं दिली आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना विचारून आले. मग पुढच्या गाडीला त्या फायरमनला खालून ओरडून सांगितलं, "करवंदं परत कर रं, चोरा!" सगळी गाडी हसली.

पण मजा पुढं आहे. एकदा एक गार्ड सांगून गेला की साहेब पोराला म्हणतो, दूध ड्रिंक अप. जेवण ईट अप. तात्या दोन दिवस घुमे झाले. दूध तर घशातून खाली जातं. तिसऱ्या दिवशी मी दांड्याची खीळ घासत होतो, तर मागून माझ्या पाठीत गुद्दा बसला.

"टाक!" तात्या ओरडले.

"काय टाकू?"

"आरं, आपलं टाक! खाऊन टाक, पिऊन टाक, भरून टाक, बांधून टाक. आपुन काय टाकतो काय? काय बी टाकत नाय. काम शेवटाला न्यायचं म्हंजे टाक. साहेबाचा अप म्हंजे आपला टाक हाय!"

मग ओट्यापाशी जाऊन बसले, गारगोट्यांवरून हात फिरवला. म्हणाले, "साहेब बी मानूसच हाय म्हनायचा."

टाइम अपची गारगोटी त्याच महिन्यात आली. वेळ संपली.

माझी बायको मावळातली, खंडाळ्याच्या पलीकडची. तात्यांना तिचं फार कौतुक. ती घाटातल्या आमच्या झोपडीत पहिल्यांदा आली तेव्हा तिनं गारगोट्या बघून विचारलं, "तात्या, ह्ये कोनते देव?" तात्यांनी तिला एकेक करून सगळे अर्थ सांगितले. मला कंटाळा यायचा. तिला नाही. ती मला हाक मारायची ती सुद्धा कधी कधी "गेट अप, अवं" अशी. तात्या हसून हसून खोकायचे.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती वर गेली.

कार्तिकातले दिवस. उन्हाची वेळ, दुपारचे बारा वाजले असतील. वरच्या स्टेशनातला बिगारी पायवाटेनं धावत आला. दम टाकत म्हणाला, "तुझी मंडळी अडलीय. दोन दिस झाले. सुईन म्हनाली, कर्जतच्या डाक्टरकडं न्या. गार्डानं मालगाडीच्या ब्रेकात घेतलीय तिला. मागनं निघंलच गाडी."

ब्रेक म्हणजे शेवटचा गार्डाचा डबा. तो गार्ड वसईकडचा, चार मुलींचा बाप, मवाळ माणूस. पाच-पन्नास वेळा आमच्याकडे पाणी प्यायलेला.

मी दांड्यापाशी जाऊन उभा राहिलो. तात्या आधीच होते. हात धुतलेले. गाडीचा आवाज आला. वळणावरून इंजिन दिसलं. ड्रायव्हरला माहीत होतं मागं कोण आहे ते. त्यानं शिट्टी दिली. एक लांब, आणि दुसरी घाईची, तोकडी. चाल थोडी कमी झाल्यासारखी वाटली.

"तात्या, शिट्टी दिली. फिरवा."

तात्या चाकाकडे बघत होते.

"फिरवा की!"

"आरे दिसत नायत."

"आवं, माझी बायको हाय त्यात!"

"म्हनून तर," तात्या म्हणाले.

मी दांड्यावर झेप घेतली. त्या माणसानं दांड्याला मिठी मारली. दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी, लहान पोर आईच्या कमरेला धरतं तशी. मी पाठीत बुक्क्या घातल्या, पागोटं पडलं, केस ओढले. सोडला नाही. गाडी आमच्या अंगावरून वारा टाकत फाट्यावर चढली, वर वर गेली, हळू झाली आणि मातीच्या ढिगाच्या अलीकडे जाऊन थांबली.

ड्रायव्हर उडी मारून आला, तात्यांना आईबहिणीवरून बोलला. गाडी माझ्या हातात होती म्हणाला. मी ब्रेकाकडे पळालो. ती आत घोंगडीवर होती, तिचा भाऊ बाहेर रडत उभा. रुळाकडेला लाकडं गोळा करणारी एक ठाकरीण होती, तिनं डोक्यावरची मोळी टाकली आणि न विचारता आत चढली. मला बाहेर काढलं. मी खाली उभा राहिलो आणि बघतो तर तात्या त्या गार्डाबरोबर वाघिणींच्या, म्हणजे मालाच्या डब्यांच्या, कडेनं चालत होते. एकेका वाघिणीपाशी वाकायचे, चाकाशी काहीतरी करायचे, पुढं जायचे. माझी बायको आत ओरडत होती आणि हा माणूस चाकं तपासत होता. ते चित्र माझ्या डोळ्यांतून पुढं कित्येक वर्षं गेलं नाही.

गाडी मागं घेऊन, खालची लाईन मोकळी मिळवून निघायला दीड-दोन तास गेले. मुलगा झाला होता. रडला नाही. ठाकरणीनं पाय धरून उलटा केला, पाठ चोळली, पाणी मारलं. नाहीच रडला. कर्जतचा डॉक्टर म्हणाला, बाई वाचली हे नशीब. मूल आधीच गेलं होतं की उशिरामुळे गेलं, हे मी सांगू शकत नाही, असंही तोच म्हणाला.

मी सांगू शकत होतो. मी सगळ्यांना सांगितलं.

आठ दिवसांनी साहेब आला, चौकशी बसली. कर्जत स्टेशनात, मास्तर तर्जुमा करायला. ड्रायव्हर म्हणाला, गाडी काबूत होती. गार्ड म्हणाला, वाघिणींचे ब्रेक वरच्या स्टेशनात रीतीप्रमाणे बांधले होते. बोलताना तो खाली बघत होता, मला वाटलं माझं दुःख बघवत नाही त्याला. तात्यांना विचारलं, सांधा का नाही फिरवला?

"आरे दिसले नायत."

"म्हणजे?"

"म्हंजे आरे दिसले नायत."

मग मला विचारलं. मी लहानपणापासून तोंडाचा फाटका. मनात आलं ते ओठावर. मी म्हणालो, "आरे नव्हते दिसत कारण ह्यांना दिसतच नाय. डोळे गेलेत ह्यांचे. एक कान तर आधीच गेलाय. अशा मानसाच्या हातात सांधा ठेवला म्हनून माझं पोर गेलं."

तात्या माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. ते बघत होते तसंच, जसं शिट्टी झाल्यावर चाकाकडे बघायचे.

साहेबानं कागद मिटला आणि दोन शब्द बोलला. "टाइम अप." त्याचा तर्जुमा मास्तरांना करावा लागला नाही. ती गारगोटी तात्यांकडं आधीच होती.

तात्यांनी घोंगडी, तांब्या, खोबरेलाची बाटली घेतली आणि घाट उतरून खालापूरकडे आपल्या गावी गेले. गारगोट्या घेतल्या नाहीत. दांडा माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी मी त्या गारगोट्या मुठीमुठीनं उचलून नाल्यात भिरकावल्या.

बायको महिन्यानं झोपडीत आली. तिनं रिकामा ओटा बघितला. दुसऱ्या दिवशी बघतो तर नाल्यात ओणवी, ओटीत गारगोट्या गोळा करतेय.

"कशाला गं? त्या मानसाच्या?"

"असू द्या."

"आपलं पोर खाल्लं त्यानं."

"अवं, गप बसा." एवढंच. मिळाल्या तेवढ्या धुऊन एका डब्यात ठेवल्या. पुढच्या दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची म्हणून मी फावडी, हातोडे मांडले. दांड्याला मी हळदकुंकू लावणार नव्हतो. ती आली, तिच्या करंड्यातलं कुंकू घेतलं आणि दांड्याला लावलं. झेंडूचं फूल ठेवलं. कपाळ टेकवलं. मला वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलंय. मी हटकलं नाही. पुढं दर दसऱ्याला ती ते करत आली. मला बढती मिळाली, आम्ही घाटातून खाली आलो, सांध्यावर दुसरे आले तिसरे आले, तरी दसऱ्याला ही चालत वर जायची आणि कुंकू लावून यायची. सांधेवाले तिला मानायला लागले. मी कारण विचारलं की म्हणायची, "माझं मी बघते."

मी सांध्यावर होतो तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. चारेक वर्षं झाली असतील. एक मालगाडी आली, शिट्ट्या दोन्ही लांब, चोख. माझा हात दांड्यावर गेला आणि सवयीनं चाकाकडे बघितलं. ताटावानी. मी दांडा ओढला नाही. गाडी फाट्यावर चढली आणि ढिगात अर्धं इंजिन घुसलं. त्या दिवशी कुणी वाद घातला नाही. ड्रायव्हर खाली उतरून माझ्या पाया पडला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चुलीपाशी होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "तात्यांना सांगून या."

"मी?"

"तुमीच."

मी दोन दिवस टाळलं, मग खालापूरकडे चालत गेलो. तात्या अंगणात बसले होते. उजवा कान घाटाकडे. तिथं ना गाडी ऐकू येते ना शिट्टी, तरीही. आमच्यात किती वर्षं बोलणं नव्हतं ते दोघांनाही ठाऊक. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझं पोर गेलं ते तुमच्यामुळं नाही, असं मी म्हणालो नाही. माझ्या मनातही ते नव्हतं. फक्त गाडीचं सांगितलं.

तात्यांनी विचारलं, "आरे दिसले?"

"नाय."

"मंग बस. जेवून जा."

जेवताना म्हणाले, "नवा अप कोन आनतं का रं आता?"

"नाय. तुमी नाय तर कोन आननार?"

"पोरीनं गारगोट्या ठेवल्यात ना?"

मी मान हलवली. तिनं ठेवल्या हे त्यांना कुणी सांगितलं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही; दोघांची गाठ पडत असणार, हे पुढं उमगलं. जेवण झालं, निघालो. पुढच्या वर्षी तात्या गेले. निरोप उशिरा आला, मातीला पोचलो नाही.

आता ह्या श्रावणात बायको गेली. शेवटचे पंधरा दिवस अंथरुणावर होती, पण पूर्ण शुद्धीवर. एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो. तिनं वाटी बाजूला सारली आणि विचारलं, "तो गार्ड गेला म्हनं?"

"कोनता?"

"वसईचा."

"गेला. मागल्या वर्षी. मुली नांदतायत चांगल्या."

"मंग सांगते," ती म्हणाली.

मालगाडी घाट उतरायला निघण्याआधी वरच्या स्टेशनात प्रत्येक वाघिणीचा ब्रेक हातानं बांधावा लागतो. त्याशिवाय उतारावर इंजिन एकटं गाडी पेलत नाही. त्याला वेळ लागतो. त्या दिवशी ती ब्रेकाच्या डब्यात पडली होती, भाऊ बाहेर गार्डाच्या पाया पडत होता आणि तिनं स्वतः ऐकलं. गार्ड माणसांना म्हणाला, "अर्धेच बांधा रे, बाई अडलीय, चला." अर्ध्या वाघिणी मोकळ्या सुटल्या होत्या. गाडी कुणाच्याच हातात नव्हती. सांधा फिरवला असता तर खालच्या वळणावर सगळी दरीत.

"तात्यांना म्हाईत होतं?"

"त्यांनीच तर गार्डाबरोबर मागनं ब्रेक बांधले. तुमी बघितलंत की."

मी बघितलं होतं. वाकायचे, काहीतरी करायचे, पुढं जायचे.

"मंग चौकशीत का नाय बोलले?"

"चार पोरी त्याच्या. नोकरी गेली असती, तुरुंगात बी टाकलं असतं. आन त्यानं काय वाईट मनानं केलं? माझ्यासाठीच केलं." तिनं जरा दम घेतला. "मी कर्जतच्या दवाखान्यात व्हते तवा तात्या आले व्हते, गावाला जायच्या आधी. मी म्हनलं, तात्या, तुमच्यावर आळ आला, मी सांगते सगळं. तर म्हनले, पोरी, आपुन दोघं शट अप. आन जबडा असा वर करून दावला."

तिनं करून दाखवला. हसली सुद्धा.

"मला तरी सांगायचं गं. नवऱ्याला?"

"तुमच्या पोटात ऱ्हायलं असतं का?"

राहिलं नसतं. दुसऱ्याच दिवशी स्टेशनात जाऊन ओरडलो असतो. हे त्या दोघांना माहीत होतं. एका माणसानं आपला दांडा सोडला, आणि एका बाईनं आपलं पोर गेल्याचं दुःख नवऱ्याशेजारी एकटीनं गिळलं, कारण माझं तोंड फाटकं. आणि मी मिरवत आलो की आपण स्पष्ट बोलणारे.

त्यानंतर ती चार दिवस होती. मी फक्त तिच्या हाताला खोबरेल चोळत बसायचो.

म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहितो. तात्यांचे डोळे चांगले होते. आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले. चौकशीत मी बोललो ते खोटं निघालं, आणि त्याची शिक्षा मला नाही, त्यांना झाली.

परवा दसरा झाला. मी तिचा करंडा घेतला, गारगोट्यांचा डबा घेतला आणि घाट चढलो. गुडघे राहिले नाहीत, तीनदा बसावं लागलं. सांध्यावर आता एक नवा माणूस आहे, कळंबकडचा. मला ओळखत नव्हता.

"बाबा, दर साली एक बाई येतात म्हनं, कुंकू लावाया. त्या नाय आल्या?"

"नाय. तिनं मला धाडलंय."

तो बाजूला झाला. मी दांड्याला कुंकू लावलं. मला नीट जमलं नाही, बोटाला जास्त लागलं, सांडलं. फूल ठेवलं. मग ओट्यावर गारगोट्या मांडायला बसलो. तो बघत उभा.

"ह्ये काय, बाबा?"

"ही उठायची. ही टाकी भरायची. ही दूध पिऊन टाकायची. ही गप बसायची." ती मी जरा वेगळी, पुढं ठेवली.

वरून आवाज आला. माझं तोंड आपोआप तिकडं वळलं. वळणावर इंजिन दिसलं, खांबापाशी आलं, दोन लांब शिट्ट्या झाल्या. त्या माणसाचा हात दांड्यावर गेला.

"थांब जरा," मी म्हणालो.

"शिट्टी झाली की बाबा."

"चाक बघ."

आम्ही दोघं बघत राहिलो. गाडी हळू होत होती. चाक आधी सपाट होतं, मग त्यात रेघा दिसायला लागल्या, मग एकेक आरा सुटा झाला. मी मोजले. सगळे मोजले.

"ओढ," मी म्हणालो.